बँडमध्ये घडलेले आणि वर्गात घडलेले : आजच्या जॅझ वादकांच्या कारकिर्दीविषयी

उत्तररात्र

गेल्या काही महिन्यांपासून मी एक रिकामटेकडा वाटावा असा उद्योग आरंभला आहे. ज्या जॅझ कलावंतांना मी आवडीने ऐकतो, त्यांच्या कारकिर्दीतले टप्पे एका वहीत, प्रत्येकाला एक पान देऊन, लिहून काढतो. वही भरत गेली तशी एक गोष्ट खटकू लागली.

जुन्या पिढीच्या पानांवर पहिली ठळक नोंद एखाद्या बँडलीडरची असते. पियानोवादक हर्बी हॅनकॉक १९६३ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये, गेले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड संगीतशाळेत शिकत असतानाच १९८० मध्ये आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ मेसेंजर्स या बँडमध्ये दाखल झाले, आणि त्यांनी ती जागा सोडल्यावर १९८२ मध्ये तिथे टेरेन्स ब्लँचर्ड आले. पुढच्या पिढीची पाने मात्र वेगळी दिसतात. पियानोवादक विजय अय्यर यांच्या पानावर येल विद्यापीठातील गणित व भौतिकशास्त्र, १९९८ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची डॉक्टरेट, २०१३ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप ही मानाची अमेरिकी अर्थवृत्ती आणि २०१४ पासून हार्वर्डचे प्राध्यापकपद अशा नोंदी आहेत. गायिका सेसिल मॅक्लोरिन साल्व्हांट यांच्या पानावर फ्रान्समधील एक्सांप्रोव्हांस येथे कायद्याचा अभ्यास, २०१० मध्ये थेलोनिअस मंक जॅझ स्पर्धेतील प्रथम क्रमांक आणि २०२० मध्ये मॅकआर्थर. दोघांच्याही कलेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही पूर्वी बँड ही शाळा होती आणि आता शाळा हीच शाळा झाली आहे, असे मला वाटते. आणि या बदलात जॅझचे नुकसान झाले, असे माझे मत आहे. आपणांस काय वाटते?

जुनी_तबकडी

पूर्ण सहमत आहे. ब्लेकी यांनी १९९० मध्ये मृत्यू येईपर्यंत जी टोळी चालवली, तिच्यात ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, पुढे मार्सालिस बंधू अशी माणसे येत गेली आणि तयार होऊन बाहेर पडत गेली. ब्लेकी स्वतः ड्रम्स वाजवत आणि बँडसाठी रचना करण्याचे काम तरुणांवर सोपवत. विशीतल्या मुलाने लिहिलेली रचना त्याच आठवड्यात श्रोत्यांसमोर वाजवली जाणार असेल, तर त्या मुलाला कोणत्या परीक्षेची गरज उरते? चुकल्यास शंभर जण पाहत आहेत आणि मागून ड्रम्सवर गुरू आहे. असा वर्ग कोणत्याही विद्यापीठाने भरवून दाखवावा.

अर्धमात्रा

धागाकर्त्यांची वही मला आवडली. परंतु तिच्यातल्या नोंदी निवडक आहेत, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. हॅनकॉक हे डेव्हिस यांच्याकडे येण्यापूर्वी ग्रिनेल महाविद्यालयात होते आणि तिथे त्यांनी आरंभी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. खुद्द डेव्हिस १९४४ मध्ये जुलिअर्डमध्ये शिकण्यासाठीच न्यूयॉर्कला आले होते. ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले, ही गोष्ट वेगळी. उलटपक्षी, अय्यर डॉक्टरेट करत होते त्याच काळात सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्या बँडबरोबर दौऱ्यावर जात होते. त्यांच्या पानावर तुम्ही विद्यापीठ ठळक लिहिले आणि कोलमन यांचे नाव गाळले, तर दोष पिढीचा नाही, नोंद घेणाऱ्याचा आहे.

आणखी एक उदाहरण देतो. गिटारवादक मेरी हॅल्वर्सन वेस्लियन विद्यापीठात जीवशास्त्र शिकण्याच्या उद्देशाने गेल्या होत्या. तिथे अँथनी ब्रॅक्स्टन शिकवत असत. जीवशास्त्र मागे पडले, आणि पुढे त्या ब्रॅक्स्टन यांच्याच वाद्यवृंदांत वाजवू लागल्या. २०१९ मध्ये त्यांना मॅकआर्थर मिळाली. आता हे पान तुम्ही ‘वर्ग’ या सदरात घालणार की ‘बँड’ या?

खर्ज

इतके प्रतिसाद झाले आणि अद्याप एकाही बेसवादकाचे, म्हणजे ते माणसाहून उंच, खर्जातले तंतुवाद्य वाजवणाऱ्याचे, नाव आलेले नाही. हौशी बेसवादक या नात्याने मला याचे आश्चर्य वाटत नाही, केवळ नोंद करून ठेवतो.

अर्धमात्रा

खर्ज यांच्या तक्रारीचे निवारण करण्याची संधी मला हवीच होती, कारण या चर्चेतले सर्वांत बोलके पान रॉन कार्टर यांचे असावे. त्यांचा जन्म १९३७ चा. लहानपणी ते चेलो वाजवत आणि त्यांना पाश्चात्त्य अभिजात संगीतात जायचे होते. ईस्टमन स्कूलमधून १९५९ मध्ये पदवी आणि मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून १९६१ मध्ये पदव्युत्तर शिक्षण, अशी त्यांची तयारी होती. तरीही सिंफनी वाद्यवृंदांची दारे त्या काळी कृष्णवर्णीय वादकासाठी जवळपास बंद होती, म्हणून ते जॅझकडे वळले. दोन वर्षांनी ते डेव्हिस यांच्या क्विंटेटमध्ये होते. म्हणजे ज्या बँडला आपण आदर्श गुरुकुल मानतो, त्याचा पायाच एका पदव्युत्तर वादकाने धरून ठेवला होता. पुढे याच कार्टर यांनी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात सुमारे दोन दशके शिकवले.

खर्ज

आभारी आहे. कार्टर यांचे नाव २०१५ मध्ये गिनेसच्या नोंदीत आले ते २,२२१ ध्वनिमुद्रणांसाठी. यांपैकी बहुसंख्य ध्वनिमुद्रणांच्या मुखपृष्ठावर दुसऱ्याच कोणाचे छायाचित्र आहे, एवढेच जोडतो.

तिरपी_नजर

शाळा की बँड, या वादात एक रुक्ष प्रश्न बाजूला राहतो आहे, तो म्हणजे घर कशावर चालते. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅन्गार्ड हा क्लब १९३५ पासून चालू आहे आणि तिथे आठवडाभर वाजवायला मिळणे ही जॅझमध्ये मानाची गोष्ट समजली जाते. त्या तळघरात १२३ माणसे बसतात. मंगळवार ते रविवार असे सहा दिवस आणि रोज दोन सेट, म्हणजे दोन खेळ, धरले, तर एकही खुर्ची रिकामी न राहता आठवड्याला १,४७६ श्रोते होतात. मोठ्या रॉक मैफलीत एवढी माणसे नुसती प्रसाधनगृहाच्या रांगेत उभी असतात. आलेल्या पैशांतून क्लबचा खर्च वजा करा आणि उरलेले तिघाचौघांत वाटा. यशाच्या शिखरावरचा आठवडा असा असेल, तर शिखराखालच्या एकावन्न आठवड्यांचा विचार आपणच करावा.

त्यामुळे वादक उन्हाळ्यात मोंत्रो, अंब्रिया, नॉर्थ सी अशा युरोपीय महोत्सवांची साखळी पकडतात आणि उरलेल्या वर्षात शिकवतात. प्राध्यापकपद म्हणजे मंचावरून निवृत्ती, असे समजण्याचे कारण नाही. कित्येकांना मंचावर टिकून राहता येते ते त्या नोकरीच्या आधारावर. मॅकआर्थरचेही तसेच आहे. २०१३ मध्ये तिची रक्कम ६,२५,००० डॉलर होती, ती पाच वर्षांत विभागून मिळत असे आणि तिचा विनियोग कसा करावा याबाबत कोणतीही अट नव्हती. विनाअट मिळालेली पाच वर्षे ब्लेकी यांच्याकडेही कोणाला मिळाली नसतील.

कोरीपाटी

मी या विषयात अगदी नवखा आहे, म्हणून प्रश्न भाबडा वाटल्यास क्षमा असावी. ग्रॅमी मिळाल्यावर तरी हा प्रश्न सुटत असेल ना?

हस्तलिखित

कोरीपाटी, प्रश्न मुळीच भाबडा नाही. त्याचे उत्तर मारिया श्नायडर यांच्या कारकिर्दीत सापडते आणि ते ‘नाही’ असे आहे.

श्नायडर संगीतकार आणि वाद्यवृंदाच्या संचालक आहेत. न्यूयॉर्कला आल्यावर त्यांनी ज्येष्ठ संगीतसंयोजक गिल एव्हान्स यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम केले, म्हणजे उत्तररात्र यांना अपेक्षित असलेली उमेदवारी त्यांनी केली. फक्त ती मंचावर नव्हती, स्वरलेखनाच्या कागदांवर होती. १९९३ पासून सुमारे पाच वर्षे त्यांचा वाद्यवृंद एका क्लबमध्ये दर सोमवारी वाजवत असे. आता अडचण अशी की, त्रिकूटाला जेवढे तिकीट लावता येते त्याच्या सहापट तिकीट केवळ वादक सहापट आहेत म्हणून लावता येत नाही. अठराएक वादकांचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करायचा, तर खर्च आधी आणि विक्री नंतर, आणि त्या विक्रीतला मोठा वाटा कंपनीचा.

म्हणून २००४ मध्ये त्यांनी आपला ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ हा संग्रह आर्टिस्टशेअर या संकेतस्थळामार्फत श्रोत्यांकडूनच आगाऊ पैसे घेऊन तयार केला. पैसे देणाऱ्यांना संगीत घडताना पाहता येत असे, हा त्या मोबदल्याचा भाग. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळाली. दुकानात विक्रीला न ठेवता ग्रॅमी मिळवणारा हा पहिला संग्रह ठरला. तरीही त्यानंतरच्या प्रत्येक प्रकल्पासाठी त्यांना पुन्हा श्रोत्यांकडेच जावे लागले. २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कलावंतांच्या हक्कांविषयी साक्ष दिली, आणि २०२० मधला ‘डेटा लॉर्ड्स’ हा दुहेरी संग्रह तर निम्मा याच रागातून उतरलेला आहे. पुरस्काराने दार उघडते. आतली बिले मात्र स्वतःच भरावी लागतात.

शीणलेला_श्रोता

टीव्हीवरील नोकरीचा उल्लेख राहून गेला. ब्रॅनफर्ड मार्सालिस १९९२ ते १९९५ या काळात ‘टुनाइट शो’चे बँडलीडर होते, जॉन बतीस्त २०१५ ते २०२२ या काळात ‘लेट शो’मध्ये होते आणि २०२२ मध्येच त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाची ग्रॅमी मिळाली. पहिल्याने ती नोकरी लवकर सोडली, दुसऱ्याने तिचा शिडीसारखा उपयोग केला. दोघेही न्यू ऑर्लिन्सच्या परिसरात, संगीतकारांच्या घराण्यांत वाढलेले आहेत. तेव्हा उत्तररात्र यांच्या वहीत ‘घर’ असे तिसरे सदरही हवे.

समेवर

बराच वेळ वाचत होते. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दोन प्रतिसादांत बँडरूपी शाळेचे जे चित्र रंगवले आहे, त्यात आलेली सगळी नावे पुरुषांची आहेत, हे कोणाच्या लक्षात आले का? ती शाळा उत्तम होती, यात शंका नाही. परंतु तिच्यात प्रवेश बँडलीडरच्या मर्जीवर होता, आणि ती मर्जी अर्ध्या मनुष्यजातीकडे क्वचितच वळत असे. तोशिको अकियोशी यांचे उदाहरण घ्या. त्या १९५६ मध्ये जपानमधून बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात आल्या (वर आलेले कॅलिफोर्नियातील बर्कली वेगळे). पियानोवादक म्हणून त्यांचे कौतुक झाले. पण स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायच्या, तर तो वाद्यवृंद त्यांना स्वतःच उभारावा लागला. १९७३ मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांनी पती ल्यू टाबॅकिन यांच्यासह तो उभारला आणि २००३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, चालवला. जपानी नो नाट्यातील तालवाद्ये आणि जॅझ यांचा त्यांनी १९७४ च्या ‘कोगुन’ मध्ये घातलेला मेळ आजही चकित करतो. संगीतरचना आणि संयोजन यांसाठी ‘डाउनबीट’ मासिकाच्या कौलांत पहिला क्रमांक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. कोणाच्याही बँडमध्ये त्यांना अशी जागा मिळाली नसती.

ड्रमवादक टेरी लिन कॅरिंग्टन यांना वयाच्या अकराव्या वर्षी बर्कलीची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे त्या वेन शॉर्टर, हॅनकॉक अशा दिग्गजांबरोबर वाजवत राहिल्या. सर्वोत्कृष्ट जॅझ वाद्यसंगीत संग्रहाची ग्रॅमी एका स्त्रीला मिळण्यासाठी २०१४ उजाडावे लागले, आणि ती पहिली स्त्री कॅरिंग्टन होत्या. त्यांनी २०१८ मध्ये बर्कलीतच जॅझ आणि लिंगभाव न्याय या विषयाला वाहिलेली संस्था सुरू केली. वर्गाला प्रवेशाचे नियम असतात आणि ते अन्यायकारक असतील तर बदलून घेता येतात. मर्जीला नियम नसतात. म्हणून बँड गेला आणि वर्ग आला, याचे दुःख मला धागाकर्त्यांइतके होत नाही.

जुनी_तबकडी

समेवर यांचा मुद्दा मला टोचला, आणि तो टोचायलाच हवा होता. माझ्या बाजूने एवढेच म्हणेन की, एक शाळा एका स्त्रीने चालवली होती. गायिका बेटी कार्टर यांच्या त्रिकूटात जॉन हिक्स, मलग्रू मिलर, सायरस चेस्टनट, बेनी ग्रीन अशा तरुण पियानोवादकांची फळी तयार झाली. त्या लयीशी असा खेळ करत की साथ करणाऱ्याने क्षणभर डुलकी घेतली तर तो रस्ता चुकलाच म्हणून समजावे. ध्वनिमुद्रण कंपन्या दाद देईनात तेव्हा त्यांनी स्वतःची कंपनीही काढली.

समेवर

बेटी कार्टर यांच्याबद्दल दुमत नाही. तरी तुम्ही सांगितलेले चारही शिष्य पुरुषच आहेत, हे सस्मित नमूद करते.

शीणलेला_श्रोता

मलग्रू मिलर यांचे नाव निघाले म्हणून थोडे लिहितो. माझ्या संग्रहातील जुन्या सीडींची यादी करताना पियानोवादकांच्या रकान्यात हे नाव इतक्या वेळा आले की आरंभी मला माझीच चूक वाटली. मर्सर एलिंग्टन यांचा वाद्यवृंद, मग बेटी कार्टर, वुडी शॉ, ब्लेकी आणि टोनी विल्यम्स असा त्यांचा प्रवास. त्यांचा सहभाग असलेली ध्वनिमुद्रणे चारशेहून अधिक आहेत. शेवटची काही वर्षे ते विल्यम पॅटर्सन विद्यापीठात जॅझ विभागाचे संचालक होते आणि २०१३ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यासोबत वाजवलेल्यांना विचारले, तर ते आपल्या काळातील अग्रगण्य पियानोवादक होते. सर्वसामान्य श्रोत्याला विचारले, तर नावही ठाऊक नसते. कारकीर्द यशस्वी झाली की नाही, हे यांपैकी कोणाला विचारून ठरवायचे?

तिरपी_नजर

आपण सगळे कारकीर्द कशी सुरू होते आणि कशी चालते यावर बोलतो आहोत. ती मध्येच थांबवण्याचे धैर्य काही जणांनी दाखवले, त्याकडेही पाहावे. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स नावारूपाला आलेले असताना १९५९ मध्ये क्लब सोडून दोन वर्षे न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत राहिले. सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड यांचा साठच्या दशकातील चौकडी बँड, ज्यात तरुण पियानोवादक कीथ जॅरेट आणि ड्रमवादक जॅक डिजोनेट होते, रॉक ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचला होता; तरीही ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर येथे एकांतात गेले. ऐंशीच्या दशकात फ्रेंच पियानोवादक मिशेल पेत्रुच्चियानी यांनी त्यांना पुन्हा मंचावर ओढले, आणि त्यानंतरचे त्यांचे वादन मला अधिक मोलाचे वाटते. लंडनचे शबाका हचिंग्ज यांनी तर २०२४ च्या प्रारंभी, नाव ऐन भरात असताना, सॅक्सोफोन बाजूला ठेवून बासऱ्या हाती घेतल्या.

थांबणे नेहमीच स्वेच्छेचे नसते. जॅरेट यांना २०१८ मध्ये दोन पक्षाघात झाले आणि डावा हात पूर्ववत चालेना. पियानोवादक फ्रेड हर्श २००८ मध्ये कित्येक आठवडे कोमात होते. त्यातून बाहेर आल्यावर बोटांची हालचाल पुन्हा कमवावी लागली आणि ते परत वाजवू लागले. अशा वेळी प्राध्यापकपदासोबत येणारा आरोग्यविमा हाही कारकिर्दीचाच भाग ठरतो.

कोरीपाटी

रोलिन्स शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून पुलावर जात, असे वाचले होते. मी सहा महिन्यांपूर्वी सॅक्सोफोन शिकायला घेतला, तेव्हापासून घरचे मला जवळपास एखादा पूल आहे का, अशी आस्थेने चौकशी करत असतात.

खर्ज

बेस पुलावर नेऊन पाहा, म्हणजे शेजारीच बरे वाटतील.

उत्तररात्र

सर्व प्रतिसाद वाचले. अर्धमात्रा यांच्या सांगण्यावरून वही पुन्हा चाळली आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की, ‘वर्ग’ म्हणून बाजूला काढलेल्या बहुतेक पानांवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात बँडलीडरचे नाव मीच लिहिलेले आढळले. साल्व्हांट यांच्या पानावरही आहे : एक्समध्ये त्या कायदा शिकत असतानाच तिथले वादक व शिक्षक झाँ-फ्राँस्वा बोनेल यांनी त्यांना जॅझकडे वळवले आणि आपल्यासोबत गायला लावले. समेवर यांच्या मुद्द्यानंतर ‘नुकसान’ हा शब्द मी मागे घेतो.

मात्र एक आग्रह सोडवत नाही. ब्लेकी यांच्याकडे तीन पिढ्या एका मंचावर असत आणि थोरला धाकट्याच्या रचनेला साथ करी. विद्यापीठात एकाच वयाचे वीस विद्यार्थी एकमेकांना साथ करतात. ब्लँचर्ड यांची ‘फायर शट अप इन माय बोन्स’ ही संगीतिका २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये सादर झाली; १८८३ मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेत कृष्णवर्णीय संगीतकाराची संगीतिका तोवर झाली नव्हती. त्या माणसाला विशीत असताना स्वतःच्या रचना वाजवून घ्यायला ब्लेकी यांचा बँड मिळाला होता. आज विशीतल्या संगीतकाराला तसे कोण देते, एवढाच माझा प्रश्न उरतो.

हस्तलिखित

लंडनमध्ये देतात. टुमॉरोज वॉरियर्स ही संस्था १९९१ मध्ये, म्हणजे ब्लेकी गेल्याच्या पुढच्याच वर्षी, तिथे सुरू झाली. ती मुलांना विनामूल्य शिकवते आणि लगेच मंचावर उभे करते. त्यांतले थोरले धाकट्यांना सांभाळून घेतात. हचिंग्ज, सॅक्सोफोनवादक नुबाया गार्सिया आणि एझ्रा कलेक्टिव्हचे वादक तिथूनच पुढे आले. एझ्रा कलेक्टिव्हने २०२३ मध्ये ब्रिटनमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे मर्क्युरी पारितोषिक मिळवले, जे त्यापूर्वी कोणत्याही जॅझ बँडला मिळाले नव्हते. ही संस्था गॅरी क्रॉस्बी यांनी स्थापन केली.

खर्ज

क्रॉस्बी बेस वाजवतात. हस्तलिखित यांच्याकडून हा तपशील अनवधानाने राहिला असावा.

समेवर

संस्थापक दोघे आहेत. जनीन आयर्न्स यांचे नावही अनवधानानेच राहिले असावे.

खर्ज

चूक मान्य आहे. उत्तररात्र, वहीत दोन्ही नावे लिहावीत, आणि शक्यतो एकाच आकाराच्या अक्षरात.